शिंपल्यांचा रस्ता

बदलीचा हुकूम आला आणि मी रस्ता दुरुस्त करायला घेतला. तिथेच चुकलं. शहाणा माणूस आधी सामान बांधतो.

आमचं अभयारण्य म्हणजे समुद्रात घुसलेली जमिनीची जीभ. टोकाला माझी खोली, पाण्याची टाकी आणि पक्षी बघायचं मचाण. ही जीभ जिथे मुख्य जमिनीला चिकटते तिथे एक जीप जेमतेम मावेल एवढीच पट्टी. लोक इकडे आड तिकडे विहीर म्हणतात. माझ्याकडे इकडे समुद्र आणि तिकडे कंबरभर चिखल. होडी लागते तीही त्या पट्टीलाच, बाकी सगळे खडक. मोबाइलची रेंजही तिथेच. थोडक्यात, जगाशी माझा जो काही संबंध होता तो त्या पट्टीवरून.

मला इथे नेमलं होतं सुरय पक्ष्यांसाठी. पांढरा, कबुतराहून लहान, डोक्यावर काळी टोपी. घरटं बांधायच्या भानगडीत हा पक्षी पडत नाही. शिंपल्यांच्या चुऱ्यात खळगा करायचा, अंडी घालायची, झालं. पूर्वी इथे थव्यांनी यायचे म्हणे. त्यांनी परत यावं म्हणून मी दरवर्षी टोकाच्या वाळूवर पोती पोती शिंपले पसरायचो आणि रंगवलेले लाकडी सुरय त्यात बसवायचो. खरे सुरय वरून एक नजर टाकून निघून जात. लाकडी सुरयांवर कावळे बसत.

घरी आबा, म्हणजे माझे वडील, आणि त्यांना सांभाळणारी माझी ताई. आबा दर फोनला विचारायचे, "आले का रे तुझे पक्षी?" मी म्हणायचो, "नाही अजून. ते आले की मी सुटलो, घरी आलोच समजा." बोलायला काय जातं! मग आबांचं विसरणं सुरू झालं. आधी चष्मा, मग शेजाऱ्यांची नावं, मग आई गेल्याचं. स्वतःच्या मुलीला ते आता 'बाई' म्हणतात आणि तिने केलेला चहा चांगला झालाय, असं अदबीने सांगतात. पण फोनवर माझा आवाज ऐकला की प्रश्न तोच.

"तेवढं एक राहिलंय त्यांच्याकडे," ताई म्हणाली. "तेही जायच्या आत ये."

म्हणून मी वरच्या साहेबांच्या हातापाया पडून बदली मिळवली होती.

तर रस्ता. सामानाचा टेम्पो आत यायचा होता आणि पट्टीवर हे एवढाले खड्डे. मुरूम आणू कुठून? शेडमध्ये शिंपल्यांची पोती उरली होती. ती ओतली, फावड्याने सपाट केली. रस्ता असा पांढराशुभ्र झाला की माझी मलाच शाबासकी द्यावीशी वाटली.

टेम्पो यायच्या आदल्या सकाळी बघतो तर रस्ताभर सुरय बसलेले. लाकडाचे नव्हेत.

आधी मला आनंदच झाला. डोळ्यांत पाणी आलं. मग एक मादी उठली, तिच्याखाली ठिपक्याठिपक्यांची अंडी दिसली, आणि आपण स्वतःच्या हाताने पायावर धोंडा मारून घेतलाय हे माझ्या ध्यानात आलं.

अंडी दिसली की दोरी लावायची आणि पिल्लं उडेपर्यंत पलीकडे पाऊल टाकायचं नाही, हा इथला नियम. माणूस शिरला की पक्षी उडतात, अंडी उघडी पडतात आणि कावळे टपलेलेच असतात. गेल्या वर्षी नुसते चार सुरय घिरट्या घालताना दिसले तर मी दोरी लावून होडीवाल्याला पिटाळला होता. आता तीच दोरी मी आतल्या बाजूने बांधली.

"अभिनंदन!" साहेब फोनवर ओरडले.

"आणि बदली, साहेब?"

"अहो, आता कसली बदली! नवा माणूस आत येणार कुठून आणि तुम्ही बाहेर जाणार कुठून?"

होडीवाल्याने लांब पाण्यातच होडी थांबवली. "काय साहेब, दोरी कुणी लावली?"

"मीच."

"मग बसा आता!" तो पोटभर हसला. मग जरा ओशाळून म्हणाला, "नेलं असतं हो तुम्हाला. पण होडी लावायची तिथेच अंडी. तुम्हीच शिकवलंत ना?"

मला त्याचा राग आला, पण त्याहून जास्त माझा आला.

दोरीपाशी रेंजची एकच काडी असते. दोन पावलं पलीकडे आवाज स्वच्छ येतो. मी अलीकडूनच "ऐकू येतंय का?" करत राहायचो. ताईने पढवून ठेवलं होतं, पक्षी आले नाहीत असंच सांग. आले म्हणालास तर आबा तुझी वाट बघत बसतील. मी तसंच सांगत होतो. एका सकाळी ती म्हणाली, "आज त्यांनी तुझा फोटो बघून विचारलं, हे गृहस्थ कोण? ये रे. कसाही ये."

मी खोलीत गेलो, पिशवी उचलली, परत आलो. एक माणूस, एक पिशवी, कडेकडेने गेला तर असं काय आभाळ कोसळणार? मी एक पाय दोरीपलीकडे टाकला.

सगळा थवा किंचाळत उठला. त्यातच फोन वाजला.

"बोल त्यांच्याशी," ताई म्हणाली.

"आबा, मी."

"कोण?"

हे त्यांनी आजवर कधी विचारलं नव्हतं. पक्षी डोक्यावर झेपावत होते.

"हा कसला कालवा?" आबा म्हणाले. मग ते एकदम ओरडले, "अरे, तू होय! आले की रे तुझे पक्षी!"

"हो आबा. आले."

"मग सुटलास! ये, ये आता."

टपून बसलेला एक कावळा उतरून अंड्यांकडे चालत निघाला होता. मी दगड मारून त्याला हाकलला आणि पाय मागे घेतला. थोड्या वेळाने सुरय एकेक करून आपापल्या अंड्यांवर बसले. आता आवाज तुटक येत होता, पण आबा ताईला काय सांगत होते ते मला ऐकू आलं.

"बाई, दार लावू नका. आमचा मुलगा निघालाय."