आठ मिलिमीटरची फट

संगप्पा मालकांच्या होटगी रस्त्यावरच्या वर्कशॉपमध्ये मी नकाशे काढायचो. त्याआधी काही वर्षं शाळेत ड्रॉइंग आणि विज्ञान शिकवलं होतं, म्हणून तिथं सगळे मला मास्तरच म्हणत. शहात्तर साली टेंभुर्णीकडच्या एका साखर कारखान्याच्या डिस्टिलरीचं काम आलं.

डिस्टिलरीत आंबवलेली मळी एका उंच कॉलममध्ये वरून खाली उतरते आणि खालून वाफ वर चढते. मध्ये एकीवर एक थाळ्या बसवलेल्या असतात. थाळीला भोकं असतात आणि प्रत्येक भोकावर तीन पायांची एक पातळ चकती. वाफेचा जोर आला की चकती उचलली जाते, जोर गेला की खाली बसते. पाय थाळीखाली वळवलेले असतात, म्हणून ती उडून जात नाही. ती किती उचलली जावी, हे मला ठरवायचं होतं. आकडेमोड करत महिना गेला आणि उत्तर आलं आठ मिलिमीटर.

थाळ्या बनवल्या कोंडीबांनी. अठ्ठावीस वर्षं फिटर असलेला माणूस. काम झालं की हातोडीच्या दांड्यानं ठोकून कान लावायचे. जे वाजेल ते फाटकाबाहेर जाऊ द्यायचे नाहीत.

कारखान्यात पहिल्यांदा वाफ सोडली तेव्हा तळाचा दाबाचा काटा चढत गेला आणि वरचा पाइप गारच राहिला. वाफ बंद केली. दुसऱ्या दिवशी कॉलम निवाल्यावर झाकण काढून मी आत हात घातला आणि खालून एक चकती ढकलली. हलली नाही. शेजारची ढकलली, तीही नाही. सगळ्या तपासल्या, बाराशे साठ चकत्या थाळ्यांना घट्ट चिकटून बसल्या होत्या. इतकं सारखं काम मी क्वचितच पाहिलं होतं.

कोंडीबा खाली उभे होते. मी विचारण्याआधीच त्यांनी सांगितलं की सगळ्या खुळखुळत होत्या, मग एकेक पाय ठोकून बसवला. दोन आठवडे लागले.

मालकांचा फोन आला. कारखान्यानं आठवड्याची मुदत दिली होती. ज्यानं हे केलं त्याला घरी बसवणार, संध्याकाळी येतो तेव्हा नाव सांगा, असं म्हणाले. कोंडीबांच्या निवृत्तीला दोनच वर्षं राहिली होती. छप्पन्न वर्षांच्या फिटरला दुसरीकडे कोण घेणार?

माझा नकाशा बरोबर होता. कोपऱ्यात इंग्रजीत, बारीक अक्षरात, ती फट लिहिलेली होती. मला कुणी काही म्हणू शकत नव्हतं. दुपारभर मी हेच स्वतःला सांगत होतो.

मग कोंडीबांना कँटीनमध्ये घेऊन गेलो. चुलीवर भाताचं पातेलं होतं. वाफेनं झाकण कसं उचललं जातं, कडेनं वाफ कशी निसटते, झाकण दाबून धरलं तर काय होईल, हे सांगितलं. शाळेत पोरांना हेच दाखवायचो, असंही म्हणालो. कोंडीबांनी फडक्यानं झाकण दाबून धरलं आणि सोडलं.

"म्हंजी ती खुळखुळायलाच पायजे व्हय?"

"हो."

"मग कागदावर कुटं हाय हे?"

मी नकाशा उघडून बोट ठेवलं. ते वाकून बघायला लागले.

"हितं तर मुंग्या बसल्यात, मास्तर. वाचून दावलं असतं तर? पोरास्नी दावत व्हता की."

नकाशा त्यांच्या हातात देऊन मी त्या दिवशी सरळ टेबलाकडे परत गेलो होतो, हे मला चांगलं आठवत होतं.

संध्याकाळी मालक जीपमधून उतरले आणि नाव विचारलं.

"माझं," मी म्हणालो. "नकाशा माझा. समजावून सांगणं माझं काम होतं, मी सांगितलं नाही."

"पण ठोकलं कोंडीबानं की."

"ढिलं ठेवायचं असतं हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं."

मालकांनी माझ्याकडे नीट पाहिलं, नकाशाची घडी घालून खिशात ठेवली आणि सहा दिवसांत दुरुस्त करा, एवढंच म्हणून निघून गेले.

सहा दिवस आम्ही आलटून पालटून कॉलममध्ये बसून काढले. कोंडीबांनी आठ मिलिमीटर जाडीची पट्टी कापून घेतली. पाय सरळ करायचा, पट्टी सरकवायची, पाय पुन्हा वळवायचा. काही पाय तुटले, त्या चकत्या नव्या केल्या. आत आंबूस वास आणि उकाडा. दिवा धरून माझा खांदा भरून यायचा. ते मधेच बाहेर यायचे, पाणी पिऊन पुन्हा आत. सातव्या दिवशी वाफ सोडली. काटा जागेवर राहिला, वरचा पाइप तापला. कोंडीबा सावली बघून जमिनीवर आडवे झाले, मीही शेजारी बसलो.

पुढच्या कॉलमचे नकाशे मालकांनी पुण्याच्या एका इंजिनिअरकडून करून घेतले. माझ्याकडे पाण्याच्या टाक्या आल्या, त्यांचे खांब आले. कॉलमचं काम पुन्हा कधी आलं नाही.

कोंडीबा दोन वर्षं होते. नवा नकाशा मिळाला की हात पुसत माझ्या टेबलाशी यायचे, कागद पसरायचे, स्टुलावर बसून म्हणायचे, "वाचा." टाकीच्या नकाशात वाचण्यासारखं फारसं नसतं. तरी मी बोट ठेवून शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचो.