यादीतली खूण

दाराखालून धूर आत आला तेव्हा मावशी बाहीला काठ लावत होत्या. त्यांनी शिलाई मशीन थांबवलं, अस्तराचं कापड बाटलीतल्या पाण्यानं भिजवून फटीत कोंबलं आणि आपली चाकांची खुर्ची खिडकीशी नेली. तिसरा मजला. लिफ्ट बंद असणारच.

खाली फाटकापाशी इमारतीचे सेक्रेटरी यादी वाचत होते. लोक "आलो, आलो" म्हणत होते. मावशींच्या नावाला ते थांबलेच नाहीत.

गेल्या महिन्यात आगीच्या सरावाला हेच सेक्रेटरी मोठ्या मायेनं म्हणाले होते, "मावशी, तुम्हाला कशाला उगाच त्रास? तुम्ही खाली आलात असं धरतो." आणि यादीत त्यांच्या नावापुढे खूण केली होती. मावशींनी उलट त्यांना चहा पाजला होता. आज यादी तीच होती.

"सगळे आले," खालून आवाज आला.

मावशी ओरडायला गेल्या, तर नुसता खोकला. देव तारी त्याला कोण मारी, हे त्या जन्मभर म्हणत आल्या. पण देवालाही जिना चढायला कुणाचे तरी पाय लागतात. त्यांनी तांबड्या कापडाचा तागा खिडकीतून सोडला. तो उलगडत खाली लोंबला.

त्यांनी शिवलेले कपडे रोज नेणाऱ्या इस्त्रीवाल्यानं कापड ओळखलं. "मावशी वर आहेत."

"अहो, खूण आहे त्यांच्यापुढे."

"खूण खाली असेल. मावशी वर आहेत."

तोंडाला ओले रुमाल बांधून दोघं वर धावले. मावशींनी दार उघडलं. जिन्याच्या तोंडाशी सेक्रेटरींनी खुर्ची तिच्या हाताला धरून उचलली. हात निखळून त्यांच्या मुठीत आला आणि मावशी पुढे कलल्या. खाली नुसता काळोख.

इस्त्रीवाल्यानं त्यांना कसंबसं सावरलं.

"खुर्ची राहू द्या, भाऊ," मावशी म्हणाल्या. "पलंगावरची जाड चादर आणा. मला मधे घ्या, टोकं पिळून धरा. आणि पायऱ्या मोठ्यानं मोजा. मला कळू दे किती उरल्या."

सेक्रेटरी मोजू लागले. बाराला त्यांचा आवाज फुटला, वीसला इस्त्रीवाल्यानं पुढचे आकडे घेतले.

फाटकाबाहेर मावशी कितीतरी वेळ चादर घट्ट धरून बसल्या.

"रविवारी सराव ठेवा," त्या म्हणाल्या.

"आता पुन्हा?"

"मला उचलायचं कसं, ते शिकायचंय तुम्हाला. खूण मी खाली आल्यावर."

सेक्रेटरींनी मान डोलावली. वर, खिडकीतल्या तांबड्या कापडानं नुकताच पेट घेतला होता.