खांबाभोवतीचा बाक

कला महाविद्यालयाच्या कुठल्याही वर्गाला एक खोली द्या, आणि त्या खोलीच्या मधोमध एक खांब असू द्या. चहा संपायच्या आत कुणीतरी त्या खांबाचं झाड करणार. मी पैजेवर सांगते. आमच्या वर्गात तर जवळजवळ सगळ्यांनीच झाड केलं होतं. एकाने फांद्यांवर माकडं बसवली होती, आणि वर तो म्हणत होता की माकडं हा त्याचा स्वतःचा विचार आहे.

खोली होती फॅमिली कोर्टातली. आपला पुकारा होईपर्यंत लोक जिथे बसतात, ती. ती आतून नवी करायची होती. रंग, दिवे, बसायची सोय, सगळंच. कोर्टाने हे काम आमच्या कॉलेजला दिलं आणि सगळे हवेत तरंगायला लागले. कागदावर काढलेलं खरंच कुठेतरी उभं राहणार म्हणजे काय! पाहणीला गेलो तेव्हा जो तो टेप घेऊन भिंती मोजत होता. मी मोजल्या नाहीत. मला ती खोली पाठ होती.

माझ्या आईबाबांची केस तिथेच चालू आहे. हे वर्गात कुणाला माहीत नव्हतं आणि कळू द्यायची माझी इच्छाही नव्हती. लोक एकदा हळहळायला लागले की थांबत नाहीत. तारखेला आई, मी आणि छोटी जातो. छोटी म्हणजे माझी बहीण, चौथीत आहे. खोलीत समोरासमोर दोन लांबलचक बाक आहेत. खांब मधे आहे, पण बाक इतके लांब की तो कुणाच्या आड येत नाही. एका बाकावर आम्ही, समोरच्यावर बाबा आणि आत्या. छोटी आधी आईजवळ बसते. बाबा आले की उठून तिकडे जाते. मग आईचं तोंड बघून परत येते. मग आत्या हाक मारते. अख्खी खोली बघत असते की ही पोरगी आज कुणाच्या बाकावर बसणार. मला त्या बाकांचा इतका राग आहे की हातात करवत असती तर तिथल्या तिथे कापले असते.

म्हणून मी झाड केलं नाही. मी खांबाभोवती एक गोल बाक काढला. बसणाऱ्याची पाठ खांबाकडे, तोंड बाहेर. आई एका बाजूला, बाबा पलीकडे. कुणी कुणाला दिसायचं नाही, आणि बाक एकच असल्यामुळे कुणाच्या बाकावर बसायचं हा प्रश्नच उरायचा नाही. भिंतींना शांत रंग. बाकी काही नको. एवढं एक जरी झालं तरी छोटीची सुटका होणार होती, आणि मला ते काहीही करून हवं होतं.

आता आमचे सर. त्यांना आम्ही खोडरबर म्हणतो, कारण त्यांच्या हातात गेलेला कागद परत येतो तेव्हा त्यावर फारसं काही शिल्लक नसतं. त्यांचा एक लाडका नियम आहे: आपलं काम आपण मांडायचं नाही, जोडीदाराने मांडायचं. मांडताना तो ते फुलवू शकतो. आणि ज्याचं काम आहे त्याने तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. "त्याने अहंकार गळतो," असं ते म्हणतात. माझा काही गळला नाही. माझं फक्त डोकं फिरलं.

कारण माझा जोडीदार होता भोंगा. नाव उगाच पडलेलं नाही. तो कॉरिडॉरच्या त्या टोकाला शिंकला तरी या टोकाचा माणूस दचकतो. मनाने वाईट नाही, पण गप्प बसणं त्याला ठाऊकच नाही. आणि अर्थातच त्याने झाड केलं होतं.

"बघ, मुलं येतील, कागदाच्या पानावर मनातलं लिहितील आणि झाडाला चिकटवतील," तो डोळे विस्फारून सांगत होता.

"आणि काय लिहितील?"

"काहीही! आय लव्ह मम्मी, आय लव्ह पप्पा..."

"आणि वकील येऊन वाचतील," मी म्हटलं.

त्याने आपलं शीट गुंडाळलं. मग म्हणाला, "तू ना, प्रत्येक गोष्टीवर पाणी ओततेस."

मी त्याला माझं शीट दाखवलं. नीट समजावून सांगितलं: पाठ खांबाकडे, तोंड बाहेर, समोर कुणी नाही. त्याने मान डोलावली. "मस्त. साधं. कळलं." मी पुन्हा सांगितलं. "अगं माते, कळलं! लहान आहे का मी?" का, ते मी सांगितलं नाही. बाक का फिरवलाय हे सांगायचं तर सगळं घर त्याच्यापुढे उघडं करावं लागलं असतं, आणि भोंग्याला सांगणं म्हणजे नोटीस बोर्डावर लावणं.

मांडणीच्या दिवशी कोर्टाच्या अधीक्षक मॅडम आल्या होत्या. कुठलं काम घ्यायचं ते त्या ठरवणार होत्या. आधी मी भोंग्याचं झाड मांडलं. दोन वाक्यांत. फुलवलं वगैरे काही नाही. झाडाला फुलं आधीच होती. सरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मग भोंगा उठला, माझं शीट टाचलं आणि सुरू झाला.

पहिली पाच वाक्यं बरोबर होती. खरं तर चांगलीच होती. माझ्या जीवात जीव आला. आणि मग तो म्हणाला, "पण मी विचार केला की पाठी कशाला फिरवायच्या? लोक आधीच एकमेकांकडे पाठ फिरवून आलेत. म्हणून आपण हा गोल मोठा करू आणि तोंडं आत वळवू. सगळे एकमेकांसमोर! नजरानजर होईल, दोन शब्द बोलले जातील. कुणी सांगावं, तिथेच समेट होईल!"

वर्गात कुणीतरी टाळ्या वाजवल्या. लगेच दुसऱ्याने री ओढली, "आणि खांबाचं झाड!" तिसरा म्हणाला की भिंतीवर कुटुंबाबद्दल सुविचार लिहू. चौथीला माशांची टाकी हवी होती. मॅडम हसून मान हलवत होत्या. सर वहीत टिपून घेत होते. माझ्या डोळ्यांसमोर माझा बाक उलटा होत होता, आणि त्यात मी छोटीला बसलेलं बघत होते: चहूबाजूंनी माणसं आणि सगळ्यांच्या नजरा तिच्यावर. दोन बाक परवडले असते त्यापेक्षा.

मी मूग गिळून बसायला हवं होतं. नियम होता. नाही बसले.

"समेट? तिथे समेट होतो?" मी उठून ओरडले. "तिथे कुणाकडे बघता येत नाही! समोर बघायचं नाही म्हणून लोक पंखा बघतात, फरशी बघतात, दहादा पाणी प्यायला उठतात! आणि तू त्यांना गोल करून बसव! मधे झाड लाव! मासे सोड!"

"बस खाली," सर म्हणाले. "नियम आहे."

"नियम गेला खड्ड्यात, सर."

मॅडम पुढे वाकल्या. "लोक पंखा बघतात, हे तुला कसं माहीत?"

माझ्यापुढे दोन वाटा होत्या: खोटं बोलायचं नाहीतर बाक गमवायचा. "आमची तारीख असते तिथे," मी म्हटलं. "मी, आई आणि माझी लहान बहीण येतो."

बस. झालं. सगळ्यांचे चेहरे एकदम मऊ पडले. माकडवाल्याने सुद्धा मान खाली घातली. मॅडमनी माझं शीट जवळ ओढून घेतलं, थोडा वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "हाच घेऊ. हिने काढलाय तसाच. तोंडं बाहेर."

मी जिंकले होते आणि मला रडू येत होतं, तेही रागाने. बाक पास झाला की माझी कीव पास झाली, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही. मघाशी भोंग्याच्या गोलावर टाळ्या वाजवणारेच आता येऊन म्हणत होते की आम्हाला तर हाच आवडला होता. भोंगा सर्वांत वाईट. तो चक्क हळू आवाजात बोलायला लागला. माझ्यासाठी दार धरून उभा राहायला लागला. "असा वागू नकोस," मी म्हटलं, "त्यापेक्षा ओरड." त्याने तेही हळूच ऐकून घेतलं.

सुताराकडे नकाशा गेला. तोवर आम्हाला स्टुडिओत पुठ्ठा आणि फळकुटं वापरून पूर्ण मापाचा नमुना उभा करायचा होता, फोटोंसाठी. भोंग्याने आणि मी तो केला. खांबाच्या जागी पुठ्ठ्याचं जाड नळकांडं, भोवती बसता येईल असा गोल. तो करताना आमचं बरंच भांडण झालं आणि त्यामुळे आमचं बरं चाललं. नमुना तयार झाला त्या दिवशी आईला कामावरून यायला उशीर होणार होता, म्हणून शाळा सुटल्यावर मी छोटीला स्टुडिओत घेऊन आले. खरं सांगायचं तर मला तिला दाखवायचाच होता. तिच्यासाठी केलेली गोष्ट.

"हा आपल्या कोर्टातला नवीन बाक," मी म्हटलं. "मी केलाय."

"एकटीने?" भोंगा म्हणाला.

छोटीने बाकाभोवती एक चक्कर मारली. बसून बघितलं. मग ती म्हणाली, "ताई, तू आई हो. दादा, तू बाबा हो."

मी एका बाजूला बसले, भोंगा पलीकडे. मधे खांब. छोटी माझ्या शेजारी बसली. जरा वेळाने उठून भोंग्याकडे गेली. परत आली. मला आतून बरं वाटत होतं. बघा, कुणाच्या बाकावर जायचं नाही, कुणाचं तोंड बघायचं नाही. एकच बाक, त्यावरच सरकायचं. ती पुन्हा गेली. पुन्हा आली. मग तिचा वेग वाढला. ती जवळजवळ पळतच गोल फिरायला लागली, एक हात खांबाला लावून.

"ए, पुठ्ठा फाटेल. खेळतेस काय?"

"खेळत नाहीये," ती धापा टाकत म्हणाली. "बघतेय."

"काय बघतेयस?"

"इथे असले की दादा दिसत नाही. तिकडे गेले की तू दिसत नाहीस." ती थांबली. "मग मी बाबांकडे बसले आणि इकडे आई रडायला लागली तर मला कळणार कसं? आत्ताच्या बाकांवर कुठेही बसलं तरी दोघं दिसतात."

माझ्या तोंडातून भलतंच बाहेर आलं. "मग आधी सांगायचं नाही का? मी या बाकासाठी अख्ख्या वर्गाशी भांडले! सरांना वाटेल ते बोलले! तुला आवडतं का तिथे सगळ्यांसमोर इकडून तिकडे जायला?"

"नाही आवडत," छोटी म्हणाली. "पण दिसतात ना."

मी तिला कधी विचारलंच नव्हतं. सगळ्यांना मी ओरडून सांगितलं होतं की तिथे काय होतं ते मला माहीत आहे, आणि त्या खोलीत माझ्या शेजारी बसलेली मुलगी काय बघत असते ते मला माहीत नव्हतं. स्वतःचा इतका संताप मला कधी आला नव्हता. भोंगा पुठ्ठ्यावर बोट फिरवत होता. मग म्हणाला, "सरांना सांगू. बदलू. गोल मधे तोडू, अर्धाच ठेवू, काहीतरी करू."

मी तशीच सरांच्या खोलीत गेले. त्यांनी सगळं ऐकलं. एकदाही मधे बोलले नाहीत, हे विशेष. मग पेन बंद करून म्हणाले, "मॅडमची सही झाली आहे. सुताराने लाकूड कापलंय. आणि मी त्यांना आता काय सांगू? तूच तर हट्टाने हा करून घेतलास." त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला भांडता आलं असतं.

मी परत आले तेव्हा भोंगा बाकावर बसून होता आणि छोटी त्याला शाळेतलं काहीतरी सांगत होती. मला बघून तिने लगेच विचारलं, "पुढच्या तारखेला हाच असेल?"

"हो. हाच असेल."

ती विचारात पडली. मग म्हणाली, "बस ना परत. आई हो." मी बसले. ती बाकापासून मागे मागे जात राहिली, जरा डावीकडे, जरा उजवीकडे, एक डोळा मिटून, अगदी आम्ही मापं घेताना करतो तशी. शेवटी भिंतीपाशी जाऊन पाठ टेकून उभी राहिली.

"मी बसणारच नाही," ती म्हणाली. "इथे उभी राहीन. इथून तुझा एक कान दिसतो आणि दादाचा एक."

"कान बघून काय करणार?"

"आई रडायला लागली की तिचे कान लाल होतात," छोटी म्हणाली. "तेवढ्यावरून कळेल मला."