पंधरा गडी

अभिमनने रग्बीच्या चेंडूच्या वादीचं एक टोक दातांत धरलं, दुसरं मुठीला गुंडाळलं आणि जोर लावून आवळलं. वादी तटकन तुटली.

"चामडं कुजलं," तुकडा थुंकून तो म्हणाला. "नवी पाहिजे."

ऑब्रेचं लक्ष नव्हतं. भुसावळच्या रेल्वे मैदानाच्या कडेला ओल्या बाकावर बसून तो कलकत्त्याहून आलेलं पत्र तिसऱ्यांदा वाचत होता. समोर काळ्या चिखलात पाच जण उगाच इकडून तिकडे धावत होते. पाच ते, आणि बाकावरचे हे दोघे. दहा वर्षांमागे याच मैदानावर सरावाला तीस गडी यायचे, आणि कुणाला खेळवायचं नाही यावरून भांडणं व्हायची.

"काय म्हणतात?" अभिमनने विचारलं.

"ऑक्टोबरात कोलंबो. अकरा जण पक्के हाये. बाकीचे चार भुसावळनं द्यायचे." ऑब्रेने पत्राची घडी केली. "तू, मी, ट्रेवर. अन् केनेथ."

मैदानातून केनेथ धापा टाकत आला, बाटलीतलं पाणी ढसाढसा प्यायला, आणि जमिनीकडे बघत म्हणाला की त्याच्या भावाने कागद पाठवले आहेत, पुढच्या महिन्यात तो विलायतेला जातो आहे. ऑब्रेने त्याचा हात हातात घेतला, अभिनंदन केलं. केनेथ पुन्हा चिखलात पळाला.

"चौदा," ऑब्रे म्हणाला.

ऑब्रे हॉल्डन हा मेलगाडीचा अँग्लो-इंडियन ड्रायव्हर. बाप ड्रायव्हर, आजा ड्रायव्हर. तिघांचाही जन्म भुसावळचा. आई लवकर गेली म्हणून बेबाबाई नावाच्या आयाने त्याला वाढवलं, आणि त्यामुळे हा निळ्या डोळ्यांचा माणूस थेट वरणगावच्या बायकांसारखं बोलायचा. अभिमनला खेळात त्यानेच ओढलं होतं. वरणगावच्या जत्रेत हुतुतूचा सामना बघत तो उभा होता. लोकोशेडमध्ये घण मारणारा एक दणकट शेतकऱ्याचा पोरगा एकेकाला असा धरत होता की धरलेल्या माणसाला सुटताच येत नव्हतं. सामना संपल्यावर ऑब्रे त्याच्यापुढे गेला आणि म्हणाला, "तुले पपईसारखा चेंडू माहीत हाये का?"

गावाने आधी खूप हसून घेतलं. हातात पपई घेऊन पळायचं आणि बाकीच्यांनी मागे लागून चिखलात लोळवायचं, हा कसला साहेबी खेळ! पण त्या खेळात एक गोष्ट होती, ती अभिमनला कुणाला समजावून सांगता आली नाही. दोन्हीकडचे आठ-आठ गडी वाकून, खांद्याला खांदा अडकवून, डोक्याला डोकं भिडवून रेटा द्यायचे. त्या आतल्या अंधारात कोण साहेब, कोण हमाल, कळायचं नाही. फक्त श्वास ऐकू यायचे आणि ऑब्रेचा डावा हात आपल्या पाठीवरून आलेला जाणवायचा. शेडमध्ये ज्याला उभं राहून सलाम करायचा, तो माणूस इथे कानाशी ओरडायचा, "रेट भाऊ, रेट!"

सन एक्कावन्नमध्ये दोघांची हिंदुस्थानच्या संघात निवड झाली. ऑब्रे कप्तान. अभिमनला निळा सदरा मिळाला, तेव्हा त्याच्या आईने त्या सदऱ्याला हळदकुंकू लावलं, आणि ते डाग कोलंबोपर्यंत गेले. सामना हरले. सपाटून हरले. पण येताना रामेश्वरच्या बाजूने परतणाऱ्या गाडीत सगळे गात होते. पुढल्या वेळी बघून घेऊ म्हणत होते.

पुढल्या वेळेपर्यंत त्यातले सहा जण देश सोडून गेले होते. त्रेपन्नमध्ये नवखे घेऊन गेले आणि आणखी वाईट हरले. पंचावन्नमध्ये तर कोलंबोला उतरले तेव्हा मोजून तेरा जण होते. उरलेल्या दोघांनी आठवडाभर आधी मुंबईहूनच बोट धरली होती, कळवायचं धैर्य झालं नसावं. शेवटी समोरच्या संघाने आपले दोन राखीव गडी उसने दिले. राष्ट्रगीताला अभिमनच्या शेजारी त्यांच्यातला एक तरुण उभा होता, चहाच्या कंपनीतला. त्याला 'जन गण मन' येत नव्हतं. तरी भल्या मनाने तो ओठ हलवत राहिला. अभिमनला हरल्याचं काही वाटलं नाही त्या दिवशी. ते हलणारे ओठ मात्र त्याला दोन वर्षं आठवत राहिले. एकदा, फक्त एकदा, आपले पंधरा घेऊन तिथे उभं राहायचं, एवढंच आता त्याच्या मनात उरलं होतं. जिंकायचं वगैरे त्याने कधीच सोडून दिलं होतं.

रविवारी सकाळी केळीच्या दोन फण्या घेऊन तो ऑब्रेच्या बंगल्यावर गेला. ऑब्रे गाडी घेऊन खंडव्याला गेला होता. बेबाबाई मागच्या पायरीवर तांदूळ निवडत बसली होती. डोळ्यांना नीट दिसत नव्हतं, ती बोटांनीच खडे शोधत होती.

"बस रे अभिमन," ती म्हणाली. "तुलेच बोलवनार होती मी."

तो पायरीवर बसला.

"ऑबीच्या मेमसायबाचं पत्र आलं विलायतेहून. त्यानं मलेच वाचून दाखवलं, दुसरं कोन हाये त्याले? लिव्हलं की दोन सालं झाली, तू पुढल्या बोटीनं येतो म्हनतो अन् येत नही. पोरगी लोकाइले सांगते, माहा बाप मेला." बेबाबाईचा हात सुपात थांबला. "सात सालची पोर. खोटं नही बोलत ते. तिले तसंच वाटते."

अभिमनने केळीच्या फण्या पायरीवर ठेवल्या.

"आता पंधरा सप्टेंबरची बोट हाये. ह्या बोटीनं नही आला तर येऊच नको, असं लिव्हलं बाईनं. मी म्हनली, ऑबी, जाय बापा. तर म्हनतो, ऑक्टोबरचा सामना झाला की जाईन. म्हनतो, अभिमनले मी आनलं ह्या खेळात. त्याले अर्ध्यात टाकून पळालो तर मी अन् ते बाकीचे सारखेच." तिने धूसर डोळे त्याच्याकडे वळवले. "तू काही करशीन का?"

"तुह्यं काय होईन, बेबाबाई? तो गेला तर?"

"माहं काय," असं म्हणून तिने सूप पाखडलं.

परतताना अभिमन स्टेशनच्या रस्त्याने न जाता मैदानावरून गेला. गोलाचे दोन उंच खांब होते, त्यातल्या एकावर कुणीतरी धोतर वाळत घातलं होतं. तो बराच वेळ तिथे उभा राहिला. मग वाऱ्याने पडायला आलेलं ते धोतर त्याने नीट केलं आणि वरणगावची गाडी गाठली.

दुसऱ्या दिवशी शेडमध्ये जेवणाच्या सुटीत तो ऑब्रेपुढे उभा राहिला.

"मी कोलंबोले येत नाही."

ऑब्रे हसला. "काऊन? पपई खाऊन पोट भरलं?"

"घरची नको म्हणते."

"सुनंदाबाई?" ऑब्रेचं हसू हळूहळू गेलं. "ती कधी एका शब्दानं बोलली नाही."

"आता बोलते. गुडघा सुजतो माहा. एवढं वावर हाये, दोन पोरी हाये. म्हणते, पुरे झालं."

हे सगळं त्याने रात्रभर मनात घोकलं होतं, तरी बोलताना त्याची नजर इंजिनाच्या चाकावरून हलली नाही. ऑब्रेने टोपी काढली, कपाळ पुसलं, टोपी पुन्हा घातली.

"तेरा," तो म्हणाला. "तेरा गड्यांनी काय करायचं? परत उसने मागायचे?"

"नाही मागायचे."

"हं." आणि ऑब्रे पायऱ्या चढून इंजिनात गेला.

आठ दिवस तो काही बोलला नाही. सरावाला कुणी आलं नाही. अभिमनला वाटलं, झालं, सुटलं एकदाचं. नवव्या दिवशी, उन्हं डोक्यावर आलेली असताना, वरणगावात त्याच्या दारापुढे सायकलची घंटी वाजली.

सात-आठ मैल चिखलातून सायकल मारत आलेला ऑब्रे गुडघ्यापर्यंत काळा झाला होता. अभिमन अंगणात केळीचे पील, लागवडीचे कोंब, सोलत होता. विळा हातातच राहिला. सुनंदाबाई दाराशी शेंगा फोडत बसली होती, तिने पदर सावरला आणि पाण्याचा तांब्या आणून ठेवला. घरात या गोष्टीचा चकार शब्द त्याने काढला नव्हता. त्याला वाटलं होतं, गरजच पडणार नाही.

ऑब्रे खाटेवर बसला नाही. उभ्यानेच पाणी प्यायला आणि अभिमनकडे न पाहता सरळ तिच्याशी बोलायला लागला.

"वहिनी, मी तुमाले काही मागाले आलो. याले एकदा सोडा माह्यासंगं. फक्त या साली. परत कधी नाव नाही काढणार."

सुनंदाबाईच्या हातातली शेंग तशीच राहिली. "कुठी सोडू, भाऊ?"

"कोलंबोले. तुमी नाही म्हणता, ते बरोबर हाये. गुडघा मी पण पाहिला त्याचा. पण तो आला तर चौदा होतात, अन् पंधरावा मी कुठूनपण पैदा करतो. एकदा पंधरा घेऊन जायचं हाये, वहिनी. मंग संपलं."

तिने नवऱ्याकडे पाहिलं. अभिमनने खाली घातलेली मान वर केली नाही. अंगठ्याने तो विळ्याची धार चाचपत राहिला. ती नाही म्हणाली, असं कधी झालंच नव्हतं. उलट तिन्ही वेळेस तिनेच दशम्या बांधून दिल्या होत्या, आणि बाया काही म्हणाल्या तर त्यांनाच सुनावलं होतं. आता तिने एवढंच म्हणायचं होतं, मी कुठं अडवलं? आणि ती म्हणणारच, कारण खरं तेच होतं. त्याला भीती वाटत होती की आशा, हे त्याचं त्यालाच कळेना.

"तुमी लई दुरून आले," सुनंदाबाई सावकाश म्हणाली. "तुमच्या घरचे काय म्हनतात?"

"घरचे?" ऑब्रे गोंधळला. "घरचे विलायतेले हाये. बाई अन् पोरगी. पंधरा सप्टेंबरची बोट होती माही. ते मी सोडून देतो. तुमी हो म्हना, आजच तार करतो."

"किती झाली पोर?"

"सात."

"अन् तुमी कधीपासून पाहिली नही तिले?"

ऑब्रेने दोन बोटं दाखवली. मग ती दोन बोटं कुठे ठेवावीत हे न सुचल्यासारखी खिशात घातली.

सुनंदाबाईने हातातली शेंग फोडली, दाणे सुपात टाकले, टरफल बाजूला केलं. मग ती उठून उभी राहिली. परक्या पुरुषाशी बोलताना ती एरवी जमिनीकडे बघायची, या वेळी तिने सरळ ऑब्रेच्या तोंडाकडे पाहिलं.

"नही भाऊ. मी नही सोडत."

"वहिनी..."

"तुमी राग धरा. माहं नाव घेऊन शिव्या द्या. पन मी नको म्हनलं म्हनजे नको. या सालीबी नही अन् पुढल्या सालीबी नही. माणसानं घर पाहावं कधी तरी."

ऑब्रे काही वेळ तसाच उभा राहिला. सामना हरल्यावर तो असा उभा राहायचा. शिटी वाजून गेलेली असायची, गडी निघून चाललेले असायचे, आणि हा कंबरेवर हात ठेवून मधोमध. मग त्याने मान हलवली.

"बरं," तो म्हणाला.

तिने चहा केला. तो त्याने खाटेवर बसून, बशीत ओतून, शेवटच्या घोटापर्यंत घेतला. कप तिच्यासमोर ठेवताना म्हणाला, "बेबाबाई एकटी पडंन."

"तिले आमी आठी, आमच्या घरी आनू," सुनंदाबाई म्हणाली. यातही तिने नवऱ्याला विचारलं नाही.

अभिमन फाट्यापर्यंत सायकलीच्या शेजारून चालत गेला. फाट्यावर ऑब्रेने सायकल बाभळीला टेकवली, आणि भर रस्त्यात, बैलगाडीवाले बघत असताना, डावा हात त्याच्या पाठीवरून टाकून खांदा घट्ट आवळला. थोडा वाकला. अभिमनही वाकला. डोक्याला डोकं लागलं. दोघांनी श्वास घेतला, सोडला. मग ऑब्रे सायकलीवर बसला, आणि वळणापर्यंत त्याने मागे पाहिलं नाही.

अभिमन घरी आला तेव्हा सुनंदाबाईने सूप उचलून ठेवलं होतं. तो ओट्यावर बसला. ती जवळ येऊन उभी राहिली. तिला काय काय कळलं, आणि केव्हा, हे विचारायचं त्याच्या मनात होतं. तिनेच विचारलं.

"तुमाले जायाचं होतं ना?"

त्याने मान खाली घातली आणि तळहात डोळ्यांवर दाबले.

"चूल इझली वाटते," ती म्हणाली, आणि लगबगीने आत गेली. आतून फुंकणीचा आवाज येत राहिला. ओट्यावरूनही दिसत होतं, चुलीत चांगला जाळ होता.