बटणाला लावलेलं रबर

बोलायला परवाना लागतो असं कोणी सांगितलं असतं, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. माझं तोंड, माझ्या पैशाचा सेट, सरकारचं त्यात काय जातं? रानडुकरं हाकलताना वावराच्या दोन टोकांवरून एकमेकांना सांगता यावं म्हणून मी वॉकीटॉकीची जोडी आणली होती. दुकानदारानं कागद मागितला नाही आणि मीही विचारलं नाही. बटणं दाबत दाबत ज्या चॅनलवर स्वच्छ ऐकू आलं, त्यावर दोन्ही सेट लावून मोकळा झालो.

श्रावणात आमच्या बंजारा तांड्यावर तीज बसते. पोरी टोपल्यांत गहू पेरतात आणि नऊ दिवस नायकाच्या, म्हणजे तांड्याच्या प्रमुखाच्या, अंगणात गाणी म्हणतात. माझ्या याडीचा, म्हणजे आईचा, पाय प्लास्टरमध्ये होता आणि आमचं घर तांड्यापासून लांब, वावरात. तीज चुकली म्हणून ती दोन दिवस धड जेवली नव्हती. मग मी अक्कल चालवली. एक सेट तिच्या उशाशी ठेवला, दुसरा नायकाच्या अंगणातल्या लिंबाला टांगला. मध्ये मध्ये कोणी परकी माणसं बोलत होती. त्यांनाही मी सुनावलं, "आमच्या लाइनवर कोण बोलून राह्यलं बे? बाजूले व्हा." आणि बोलायचं बटण दाबलेलंच राहावं म्हणून त्यावर सायकलच्या ट्यूबचं रबर गुंडाळलं. तिकडे याडी पडल्या पडल्या टाळ्या वाजवत असणार, या विचारानं मी स्वतःवरच खूश होतो.

त्या दिवशी, तीन दिवसांच्या झडीनं, नदी फुगली होती आणि सकाळपासून मोबाइल बंद होते. माझे बापू, म्हणजे वडील बाबुलाल, पहाटेच नदीकाठच्या वावरातली मोटर काढायला गेले होते. परतीचा रस्ता बंद झाला म्हणजे ते पलीकडच्या गावात बबिताकडे, माझ्या बहिणीकडे थांबले असतील, असं मी धरून चाललो. ते धरून चालणं आजही मला झोपेतून उठवतं.

दुपारी एक सडपातळ म्हातारे गृहस्थ नायकाच्या अंगणात आले. हातात टीव्हीच्या जुन्या अँटेनासारखं काहीतरी, पँट गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेली. हे मधुसूदन सर, यवतमाळचे निवृत्त शिक्षक. रेडिओचा परवाना असलेले आणि पुरात तहसीलच्या मदतीला आलेले. आमची गाणी त्यांच्या बोटीच्या चॅनलवर चालली होती आणि आवाजाचा माग काढत ते इथवर पोचले होते. सेट कोणाचा, असं त्यांनी विचारलं. माझा, म्हणालो, आणि भांडायला तयार झालो. त्यांनी सरळ रबर काढलं.

लगेच सेटमधून एका तरुणाचा आवाज आला. "मंदार बोलतोय, बोटीवरून. चाळीस मिनिटं हाक मारतोय. पिवळ्या फेट्याचे एक बाबा बाभळीवर आहेत, हिरव्या पंपघराजवळ. खाली काहीतरी अडतंय, बोट जात नाही. कोणी ऐकतंय का?"

ते पंपघर आमचं. फेटा माझ्या बापूंचा. मी सेट हिसकावून ओरडायलाच लागलो. सरांनी माझं मनगट धरलं.

"ओरडू नका. एकच गोष्ट सांगा, बटण सोडा आणि उत्तर ऐका."

डुकरांसाठी तारेचं कुंपण मीच घातलं होतं. ते आता पाण्याखाली होतं. विहिरीच्या बाजूनं बैलगाडीपुरती वाट मोकळी आहे, तिकडून या, एवढं सांगितलं आणि बटण सोडलं. सोडल्यावर जे काही क्षण गेले, तसे कोणाच्या वाट्याला न येवोत. मग मंदार म्हणाला, "कळलं." पंधरा मिनिटांनी म्हणाला, "बाबा बोटीत आहेत."

मी सरांच्या पाया पडायला वाकलो. ते मागे सरकले.

"पाय नको. परवान्याची परीक्षा द्या."

दोन्ही सेट त्यांनी तहसीलमध्ये जमा केले, माझं नाव लिहून दिलं. त्यात सूट नाही. पण पुढच्या रविवारी यवतमाळला घरी बोलावून शिकवायलाही तेच बसले. हवेत आपल्याशिवाय आणखी कोण कोण बोलतंय, हे ज्याला माहीत नाही त्याच्या हातात सेट देऊ नये, एवढंच परवान्यामागे आहे, असं ते म्हणत. मी पहिल्यांदा नापास झालो. ते रागावले नाहीत, पुन्हा पहिल्या धड्यापासून लागले. सख्ख्या भावानं केलं नसतं एवढं त्या माणसानं माझ्यासाठी केलं.

परवाना हातात आला त्या दिवशी मी बापूंना सगळं खरं सांगितलं. तोवर हिंमत झाली नव्हती.

"मले झाडावरून दिसे," ते म्हणाले. "ते पोरगं यंत्र तोंडाले लावे, मंग कानाले लावे, अन् मान हलवे. मले वाटलं, तिकडं आपलं कोणीच नाही." मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "तूच होता तर तिकडं."

मी मान खाली घातली. त्यांनी माझ्या हातातला कागद घेतला, नीट घडी करून परत दिला.

"सरले फोन लाव. मले त्याईच्याशी बोलायचं हाये."

फोन लागला. बापूंनी तो कानाला धरला, पण त्यांच्या तोंडून शब्दच फुटेना. ओठ हलत होते, डोळे भरले होते. पलीकडे सरांनी फोन ठेवला नाही, काही विचारलंही नाही. ते ऐकत थांबले.