इशाऱ्याचे सूर

त्या प्रोग्रामचा आणि माझा पहिल्या दिवसापासून छत्तीसचा आकडा आहे. मी एक सांगायचं, त्याने दुसरंच करायचं, आणि वर मलाच विचारायचं की तुम्हाला नक्की हेच करायचं आहे का. अरे बाबा, हेच करायचं नसतं तर सकाळपासून मी इथे काय माशा मारतोय?

माझा धंदा नकला करायचा. असं म्हटलं की लोक लगेच म्हणतात, मग दाखवा एखादी करून. त्या नकला नव्हेत. आमच्या वाद्यवृंदात चाळीसेक माणसं वाजवतात, आणि प्रत्येकाला आपल्या वाट्याचं तेवढं संगीत वेगळ्या कागदावर लिहून लागतं. ते मी लिहितो. उभा जन्म हाताने लिहिलं, टाक आणि काळी शाई घेऊन. मग लेकीने फोनवरून माझं डोकं खाल्लं, "बाबा, आता हे हाताने कोणी करत नाही," आणि सुट्टीला आली तेव्हा नोटेशनचा, म्हणजे संगीत लिहायचा, हा प्रोग्राम लॅपटॉपवर टाकून गेली. ती गेल्यावर मी लॅपटॉपवर टेबलक्लॉथ घातला. बरेच महिने तो तसाच होता.

काढला तो बायकोमुळे.

बायको आमच्याच वाद्यवृंदात व्हायोला वाजवते. व्हायोला म्हणजे व्हायोलिनची थोरली बहीण. अंगाने भरलेली, आवाजाने जाड, आणि घरातल्या थोरल्या बहिणीसारखीच, असली की कोणाचं लक्ष नाही, नसली की सगळ्यांचं अडतं. आमची ओळखही तिथलीच. तिच्या कागदावर मी एक ठिपका, म्हणजे एक सूर, चुकीच्या रेघेवर ठेवला म्हणून ती माझ्याशी भांडायला आली होती. भांडताना जे अरे-तुरे सुरू झालं ते लग्नानंतरही चालू राहिलं. माझ्या आईला ते शेवटपर्यंत आवडलं नाही.

मागच्या वर्षी तिच्या डोळ्यांनी कुरकुर सुरू केली. डॉक्टरकडे ती एकटीच गेली. मी येतो म्हटलं तर म्हणाली, "तू येऊन काय करणार, पाटी वाचणार माझ्याऐवजी?" परत आली आणि म्हणाली, "बारीक दिसत नाही. मोठं असलं की काही अडचण नाही. पण मास्तरांना कळता कामा नये."

मास्तर म्हणजे समोर उभं राहून काठी हलवणारा आमचा संचालक. इंग्रजीत कंडक्टर म्हणतात, पण आमच्या शेजाऱ्यांना मी तसं सांगितलं तेव्हा त्यांनी कोणत्या बसवर असतात असं विचारलं. तर हे मास्तर तसे विनोदी, पण कामात दयामाया नाही. एका तुतारीवाल्याचे पुढचे दात गेले, तर नवे बसवून होईपर्यंतही थांबले नाहीत. त्याचा निरोपसमारंभ उरकला आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या खुर्चीवर नवा माणूस. बायकोला त्या खुर्चीची धास्ती होती. तिला दुसरं काही येत नाही असं नाही, पण दुसरं काही केल्यावर तिचा चेहरा वाजवताना होतो तसा होत नाही, हे मला माहीत आहे.

तर मोठं करायचं. हाताने एवढं मोठं लिहायचं म्हणजे महिनोन्महिने गेले असते. मी मुकाट्याने टेबलक्लॉथ बाजूला केला.

आता मोठं करणं सोपं, एक आकडा बदलला की झालं. पण ठिपके मोठे केले की एका पानावर तीनच ओळी मावतात, आणि पानं वाढतात. वाजवणाऱ्याचे दोन्ही हात गुंतलेले असतात, मग पान उलटायचं कोणी? म्हणून प्रत्येक पान अशा जागी संपलं पाहिजे की जिथे तिला वाजवायचं नाही. दोन उभ्या रेघांमधल्या जागेला आम्ही बार म्हणतो, आणि त्यावरचे व्हायचे ते सगळे विनोद होऊन गेले आहेत. तर पानाच्या शेवटी रिकामे बार आले पाहिजेत. मी एक बार खालच्या ओळीत ढकलायचो, की पुढच्या सगळ्या पानांवरचे बार, शहाण्यासारखे बसलेले, उठून भलतीकडे जाऊन बसायचे. एकाची समजूत काढावी तर दुसरा रुसलेला. एखादा ठिपका पुसला की प्रोग्राम त्या जागी आपणहून विश्रांतीचं, म्हणजे इथे वाजवू नका असं, चिन्ह ठेवायचा. मला या घरात न मागता विश्रांती कोणी कधी दिली नव्हती, आणि आता नको तिथे मिळत होती. मी ओरडलो की आतून बायको म्हणायची, "नाचता येईना अंगण वाकडं."

पण खोटं कशाला बोलू? पहिलं पान प्रिंटरमधून बाहेर आलं तेव्हा मी ते हातात धरून उभाच राहिलो. काळेभोर, टपोरे ठिपके, एकही ओळ तिरकी नाही, आणि पान बरोबर रिकाम्या बारांवर संपलेलं. बायकोने त्यावरून हात फिरवला. "किती छान केलंस रे," म्हणाली. त्यानंतर मी तिच्यासाठी प्रत्येक रचना अशी करून द्यायला लागलो. माझ्या आयुष्यात मी केलेलं हे सगळ्यात चांगलं काम, असं मला वाटायचं.

त्या प्रोग्राममध्ये आणखी एक गंमत आहे. एक त्रिकोण दाबला की तो लिहिलेलं वाजवून दाखवतो. आवाज म्हणाल तर दाराच्या बेलचा थोरला भाऊ. मला तो ऐकवत नाही. बायको मात्र प्रत्येक रचनेतला तिचा भाग फोनवर पाठवायला सांगायची. "तुझ्या चुका ऐकून काढते," म्हणायची, आणि कानात ते घालून दिवसभर घरात वावरायची, भाजी चिरताना, कपड्यांच्या घड्या करताना. मी मनात म्हणायचो, काढ बाई चुका, सापडली तर सांग.

नवीन कार्यक्रमाच्या रचनेत बासरीचा एक लांबलचक एकटीचा भाग होता. तेवढा वेळ व्हायोलावाल्यांनी गप्प बसायचं. नुसते बार मोजत बसलं की माणूस हमखास चुकतो, म्हणून नकलनवीस काय करतो, की बासरीच्या शेवटच्या दोन ओळी व्हायोलाच्या कागदावर बारीक ठिपक्यांनी लिहून ठेवतो. हे कानावर पडलं की पुढे तुझी पाळी, असं सांगायला. याला आम्ही इशारा म्हणतो. तो वाजवायचा नसतो, ऐकायचा असतो. हाताने मी तो मुंगीएवढा लिहायचो. पण इथे बारीक लिहून उपयोग नव्हता. म्हणून तोही मोठा केला, आणि कोणाचा घोळ व्हायला नको म्हणून त्याच्या आधी बोटभर उंचीच्या अक्षरांत 'बासरी' असं लिहिलं.

तालमीला मी मागच्या भिंतीशी बसतो. कागद वाटून झाले की माझं तिथे काही काम नसतं. त्या दिवशी बासरीवालीने तिचा भाग सुरू केला, अगदी संथ, आणि बाकी सगळे हात मांडीवर ठेवून ऐकत होते. ती शेवटच्या दोन ओळींवर आली, आणि तिच्या सुराखालून तोच सूर जाड आवाजात यायला लागला. बासरीवाली दचकून थांबली. जाड आवाज मात्र एकटाच पुढे गेला, अगदी मन लावून, आणि मग शांतता लक्षात आल्यासारखा मध्येच तुटला.

मास्तरांनी काठी खाली घेतली. "बासरीचा घसा बसला वाटतं," ते म्हणाले.

"माझं चुकलं," बायको म्हणाली. "पुन्हा घेऊ या."

मास्तर चौथऱ्यावरून उतरून तिच्यापाशी आले. तिच्या पुढ्यातलं पान त्यांनी उचललं, डोळ्यांजवळ नेलं, मग हात लांब करून धरलं. "केवढाले हे ठिपके. आणि इथे 'बासरी' असं लिहिलंय की. समोरच्या गच्चीवरून दिसेल एवढं."

कोणीतरी हसलं. माझं डोकंच फिरलं. माझ्या बायकोला सगळ्यांसमोर हसायचं म्हणजे काय. मी भिंतीपासून उठलो आणि मोठ्याने म्हणालो, "चूक तिची नाही, माझी आहे. त्या इशाऱ्याचा आवाज प्रोग्राममध्ये वेगळा बंद करावा लागतो, तो करायचा राहिला. त्याने ते व्हायोलाच्याच आवाजात वाजवलं, म्हणून तिला वाटलं की..."

आणि तिथे माझी जीभ अडली. कारण मी काय बोलतोय ते माझं मलाच ऐकू आलं. 'बासरी' हा शब्द कागदावर होता, आवाजात नव्हता. कागद वाचणारा माणूस तिथे चुकलाच नसता. ती कागद वाचतच नव्हती. दिवसभर कानात घालून तिने या रचनेतला आपला अख्खा भाग पाठ केला होता, आणि या आधीच्या रचनांतलेही.

मास्तरही काही दुधखुळे नव्हते. त्यांनी पान हळूच स्टँडवर ठेवलं. "बाई, हे दिसतं का तुम्हाला?"

"नाही."

"एवढं मोठं असून?"

"कितीही मोठं असलं तरी नाही. बघायला गेलं की नेमकं मधलंच नसतं." ती हे भाजीचा भाव सांगावा तसं सांगत होती.

"आणि मी? काठी दिसते माझी?"

तिने मान वळवून दाराकडे तोंड केलं. बासरीवालीला वाटलं असणार की ती चिडली. "अशी मान केली की दिसते. कडेने. बाह्या दुमडल्यात तुम्ही."

मास्तरांनी आपल्या बाह्यांकडे बघितलं. "मग इतके दिवस का नाही वळवलीत मान?"

"वळवली असती तर तुम्हाला कळलं असतं."

मास्तर म्हणाले, "उठा जरा." ती व्हायोला कवटाळून उठली. झालं, मला वाटलं, माझ्या तोंडाने मी तिची खुर्ची घालवली. बोललो नसतो तर एक चूक म्हणून सोडून दिली असती त्यांनी. मास्तरांनी खुर्चीची पाठ धरली, ती दाराच्या दिशेने फिरवली, वाकून बघितलं, अजून थोडी फिरवली. "बसा. आता सरळ समोर बघा. मी कडेला दिसतो का?"

"दिसता."

"मग एवढी दोन ओळींची बासरी या बासरीवालीला परत करा. या कार्यक्रमाला तुम्ही आहात. पुढच्याचं पुढे बघू, मी खोटं आश्वासन देणार नाही." ते चौथऱ्याकडे वळले. "आणि सरळ बसून माझ्याकडे न बघणारे इथे बरेच आहेत, त्यांनी हसू नये. पुन्हा घ्या."

पुन्हा घेतलं. बासरी संपली, बायको वेळेवर शिरली. मी काही ऐकलं नाही, तिच्या खुर्चीकडे बघत होतो.

घरी आल्यावर मी तडक लॅपटॉप उघडला. ती शेजारी स्टूल ओढून बसली. "आवाज बंद नको करूस इशाऱ्याचा," म्हणाली. "बासरीच्या आवाजात ठेव. नाहीतर मी कधी शिरायचं ते मला कसं कळणार? आणि बाकीच्यांचंही घाल त्यात. सगळे आजूबाजूला वाजताना ऐकू आले पाहिजेत." मी आवाजाच्या यादीत बासरी निवडली. प्रोग्रामने एका शब्दाने कुरकुर केली नाही. त्रिकोण दाबला तर खरोखर बासरीसारखं काहीतरी आलं, सर्दी झालेल्या बासरीसारखं का होईना.

एवढं होईपर्यंत मी राग धरून ठेवला होता, मग सुटला. "मला तरी सांगायचं होतंस. मास्तरांचं सोड. मी कोण आहे?"

"सांगणार होते."

"कधी? मी इथे एकेक बार ढकलत बसलो होतो. वेड्यासारखा."

"किती खूश असायचास रे तू. पान हातात घेऊन यायचास ते."

"पण तू पानं उलटायचीस. मी बघितलंय. बरोबर जागी उलटायचीस."

"तूच सांगितलं होतंस ना, रिकामे बार आले की पान संपतं. वाजवायचं थांबलं की उलटायचं. त्यात काय अवघड आहे?"

"मग वाचत नव्हतीस तर उलटायचीस कशाला?"

"तू मागे बसलेला असायचास," ती म्हणाली.

मला रडू आलं. आलं म्हणजे आलं, त्यात लपवायचं काय, पण मी आवाज होऊ दिला नाही. ती समोर बसली होती, तिचे डोळे थेट माझ्यावर होते, आणि आता मला कळलं होतं की तिथे तिला काही दिसत नाही. म्हणून मी तसाच बसून राहिलो, डोळे न पुसता. लॅपटॉपवर ती सर्दीची बासरी पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली होती.

तेवढ्यात तिने मान वळवली आणि खिडकीकडे तोंड केलं.

"रडू नकोस रे," ती म्हणाली. "दिसतंय मला."