वीतभर दोरा

मी एक जुना पृथ्वीगोल आहे, मित्रांनो. परतूरजवळच्या आष्टी गावात राधाकिसन गुरुजींच्या घरी कपाटावर असतो. माझी दांडी वाकली आहे, समुद्राचा निळा रंग जागोजाग उडाला आहे. याचं मला वाईट वाटत नाही. हल्ली कशाचंच वाटत नाही.

कारखान्यातून मी थेट शाळेत आलो. गुरुजी माझ्यावर दोरा ताणून मुलांना अंतर मोजायला शिकवत. तीस वर्षं गावातली पोरं तेच शिकली. तपासणीला आलेल्या साहेबांनी एकदा माझी तारीफही केली होती. मग शाळेत नवा गोल आला आणि गुरुजीही निवृत्त झाले. आम्ही दोघे एकाच दिवशी घरी आलो.

पुढे त्यांची एकुलती एक लेक मनीषा नोकरीसाठी मेलबर्नला गेली. तिची आई जयवंताबाई दोन दिवस जेवल्या नाहीत. तेव्हा गुरुजींनी मला खाली काढलं आणि मुंबईपासून मेलबर्नपर्यंत दोरा ताणला. वीतभर भरला. त्याला त्यांनी विमानाच्या वेगानं भागलं.

"बारा घंटे. बराबर बारा."

"परतूरहून मुंबईला येष्टीला बी बाराच लागतेत. मंग पोरगी मुंबईएवढीच दूर हाये की!" जयवंताबाई हसल्या आणि जेवायला बसल्या.

यंदा त्या आजारी पडल्या. मनीषा फोनवर रोज विचारायची, "येऊ का, बाबा?"

"घाई कशाला? बारा घंट्याचा तर रस्ता हाये."

जयवंताबाईंनी एकच मागितलं होतं. "मनीच्या हातचं पाणी तोंडात पडल्याबिगर मला उचलू नका." गुरुजींनी तसा शब्द दिला.

एका सकाळी सहाला त्या गेल्या. माणसं जमली. दिवस मावळायच्या आत उचलायची रीत. गुरुजी येईल त्याला सांगत होते, "सहाला फोन केलाय, सहाला येते ती." कुणी हटकलं नाही. निम्मे लोक त्यांच्याच हाताखाली दोरा लावायला शिकले होते.

दुपारी मनीषाचा फोन आला. "बाबा, आजचं तिकीट न्हाई मिळालं. उद्या निघते. मधी विमान बदलायचंय, मंग मुंबई, मंग जालना. परवा सांजच्याला पोचते."

शेजारचा कल्याण हळूच म्हणाला, "गुरुजी, दिवस कलून राह्यला."

गुरुजींनी मला खाली काढलं. पुन्हा दोरा लावला. वीतभरच भरला. मग तो बोटाला गुंडाळून ते म्हणाले, "उचला." पाणी त्यांनीच घातलं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मनीषा आली. रडली नाही. मला हळूच फिरवत तिनं विचारलं, "बाबा, ह्याच्यावर आष्टी कुठं हाये?"

गुरुजींनी चष्मा लावून शोधली. आष्टी नव्हती. परतूर नव्हतं. जालनाही नव्हतं.

मित्रांनो, माझी धूळ पुसा किंवा पुसू नका. पण माझ्यावर फक्त आकाशातलं अंतर दिसतं. उंबऱ्यापासून उंबऱ्यापर्यंतचं मला ठाऊक नाही. म्हणून कुणी वाट पाहत असेल, तर मोजत बसू नका. निघा.